मोजून भरलेली वाक्यं

मिस्त्रींच्या थोरलीला बोलता बोलता मोजता येत असे. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. एका हाताने यंत्राची मूठ फिरवायची, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तांब्याची तार सोडायची, दारातल्या गिऱ्हाइकाला आज नाही, उद्या दुपारी मिळेल असं सांगायचं, आत्याच्या थट्टेला हसायचं, आणि तरी त्रेसष्टाव्या वेढ्यावर हात आपसूक थांबायचा. त्रेसष्ट म्हणजे त्रेसष्ट. तिने भरलेली मोटार उघडून कुणी वेढे मोजले असते, तर मोजणाराच चुकला असता.

दुकान मोटारी भरण्याचं. विजेची मोटार जळाली की लोक ती घेऊन इथे येत. आतली काळी पडलेली तार काढायची, लोखंडाच्या खाचा खरवडून साफ करायच्या, त्यांत कागद बसवायचा, नव्या तारेची वेटोळी करून एकेक खाचेत दाबायची, वरून वॉर्निश ओतायचं आणि उन्हात वाळत ठेवायचं. खोली लांबट, दोन खिडक्यांची. भिंतीलगत लाकडी ओटा, त्यावर हातांनी घासून घासून आलेली चकाकी. वॉर्निशचा वास असा, की घरच्यांच्या केसांतून तो कधी गेलाच नाही, आणि घरच्यांना तो कधी आलाही नाही.

दारातलं टेबल आत्याचं. आत्या म्हणजे मिस्त्रींची धाकटी बहीण. आलेल्या मोटारीला चिठ्ठी बांधायचं काम तिचं: कुणाची, कशाची, काय झालं. या तीन प्रश्नांत माणसाची पूर्ण उलटतपासणी होई. एका गिऱ्हाइकाची मोटार एका वर्षात तिसऱ्यांदा जळून आली, तेव्हा आत्या शांतपणे म्हणाली, "हिला आता चिठ्ठी नको. ही मला आत्या म्हणते." गिऱ्हाईक हसावं की रागवावं या विचारात असतानाच चिठ्ठी बांधून झालेली होती.

मिस्त्री बोलायला कमी. त्यांचा कायदा एकच होता आणि तो थोरलीने बोलायला लागायच्या आधी ऐकला असावा. मोटार जशी होती तशी भरायची. जळकी तार उपटण्याआधी तिचे वेढे मोजायचे, जाडी मापायची, कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत गेली ते वहीत उतरवायचं आणि हुबेहूब तेच करायचं. बनवणाऱ्याने बनवली त्यात आपलं शहाणपण मिसळायचं नाही. तीस वर्षं त्यांनी हा कायदा पाळला आणि तीस वर्षं त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही. कुणी आतली तार आधीच काढून टाकलेली मोटार आणली, तर ते हात न लावता परत पाठवत. आत मोजायला काहीच नाही, तर भरणार काय?

इंग्रजी थोरलीच्या हाती लागलं ते याच ओट्यावर. मोटारींसोबत कंपन्यांच्या पुस्तिका येत. लहानपणी ती त्यांतली चित्रं बघे, मग चित्रांखालचं वाचू लागली. चार बोल्ट सैल करा, झाकण ओढू नका, डावीकडे फिरवा. आणि झाकण खरोखर डावीकडे फिरून सुटे. हे तिला फार मोठं वाटे. कुठे लांब कुणी माणूस टेबलाशी बसून वाक्य लिहितो, आणि इथे, त्याने कधीही न पाहिलेल्या खोलीत, आपला हात वळतो. असं वाक्य आपल्याला लिहिता यावं, एवढी एकच इच्छा तिने पुष्कळ वर्षं कुणाला न सांगता सांभाळली.

तेविसाव्या वर्षी ती कॉलेजात गेली. बरोबरची मुलं सतरा-अठराची. सकाळी बसने चाळीस मिनिटं, दुपारी परत येऊन ओट्यावर. विषय अर्थातच इंग्रजी. दुसऱ्या वर्षाला लेखनाचा एक खास वर्ग होता. जागा चौदा. तिची पंधरावी आली, म्हणून ती एक वर्ष थांबली, पुन्हा अर्ज केला आणि या वेळी बसली. वर्गाची अट मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितली. पहिल्या सत्रात तीन निबंध. तिन्हींपैकी एक तरी कसोटीला उतरला पाहिजे. तिन्ही पडले तर जागा रांगेतल्या पुढच्याला. पुन्हा अर्ज नाही.

मॅडम लहानखुऱ्या होत्या, पण आवाज शेवटच्या बाकाच्याही मागच्या भिंतीला लागून परत येई. तपासायच्या पेन्सिलीने. लाल शाई त्यांना आवडत नसे.

पहिला निबंध होता ओळखीच्या जागेवर. थोरलीने दुकान निवडलं. मग तिला जे येत होतं ते तिने केलं. पाठ्यपुस्तकात एक नमुन्याचा निबंध होता, कुठल्याशा बंदरावरचा. चांगला होता म्हणूनच तो छापला होता, म्हणजे चालती मोटार. तिने वही घेतली आणि त्याचे शब्द मोजले. पहिल्या वाक्यात अकरा. दुसऱ्यात सव्वीस. तिसऱ्यात पाच. असं शेवटपर्यंत. मग तेवढ्याच शब्दांची तेवढीच वाक्यं, त्याच क्रमाने, तिने आपल्या दुकानाची भरली. जिथे सांगायचं ते नऊ शब्दांत संपलं आणि जागा सव्वीसची होती, तिथे तिने अतिशय, खरोखर, निःसंशय असे शब्द खाचेत कागद कोंबावा तसे कोंबले. जिथे सांगायचं पुष्कळ होतं आणि जागा पाचाची, तिथे कापून टाकलं. आत्या नेमकी पाच शब्दांच्या वाक्यात आली. तिच्या वाट्याला टेबल आलं आणि बसणं आलं, बोलणं आलं नाही.

निबंध परत आला तेव्हा खाली पेन्सिलीने लिहिलेलं होतं: एकही चूक नाही, पण या खोलीत कुणी राहत नाही. निबंध पडला.

थोरलीने याचा अर्थ आपल्या परीने लावला. मोजण्यात कसूर राहिली. मोटार नीट भरली आणि तरी चालली नाही, तर माणूस आधी आपली मोजणी तपासतो. दुसरा निबंध ओळखीच्या माणसावर होता. या वेळी तिने वाचनालयातून जाडजूड पुस्तकातला नमुना आणला. शब्द मोजले, विराम मोजले, परिच्छेदाच्या ओळी मोजल्या. चार दिवस ती आत्यावर लिहीत होती, आणि आत्या दोन हातांच्या अंतरावर बसून कुणाच्या तरी पंख्याच्या मोटारीवरून कुणाची तरी फिरकी घेत होती. थोरलीने मान वर करून पाहिलं नाही. तिचं लक्ष एकतिसाव्या शब्दाकडे होतं.

त्याच्या खाली मॅडमनी एवढंच लिहिलं: आत्या कुठे आहे?

दोन गेले. शेजारच्या बाकावरची मुलगी पहिल्याच निबंधात उतरली होती, आणि तोही तिने बसमध्ये, मांडीवर वही ठेवून लिहिला होता. थोरलीने विचारलं, तू कुठला नमुना घेतलास. मुलगी म्हणाली, नमुना कसला, आईशी भांडले होते, तेच लिहिलं, अजून राग होता म्हणून लांबला. थोरलीला हे बेजबाबदारपणाचं वाटलं.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मॅडमनी तिला थांबवून घेतलं आणि कच्ची वही मागितली. वही उघडली तर डाव्या पानावर आकडेच आकडे, एकाखाली एक.

"हे काय गं? बसचं वेळापत्रक?"

थोरलीने सांगितलं. अभिमानाने सांगितलं. कामाची पद्धत विचारली की कारागीर असाच सांगतो. मॅडम ऐकत होत्या. सव्वीस शब्दांच्या खाचेपाशी त्यांचे ओठ हलले. आत्याच्या पाच शब्दांपाशी त्यांनी चष्मा काढला आणि त्या हसल्या. एवढ्या हसल्या की बाहेरून जाणाऱ्या शिपायाने आत डोकावून पाहिलं. थोरलीचे कान लाल झाले. पण हसणं टोचणारं नव्हतं. आपण कुलूप समजून झटत होतो ते दार नुसतं लोटलेलं होतं, असं कळल्यावर माणूस हसतो, तसं ते होतं.

"वीस वर्षं शिकवतेय," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मुलं निबंध चोरतात. निबंधाचा सांगाडा मोजून चोरणारी तूच पहिली."

"चोरी नाही, मॅडम. आमच्यात असंच भरतात."

"असेल. पण तिसरा नमुन्याशिवाय लिहायचा. मोजायला काहीही घ्यायचं नाही."

थोरलीने वही परत घेतली. मग म्हणाली, "रिकामी मोटार आमच्याकडे घेत नाहीत."

मॅडमना हे कळलं नाही, आणि त्यांनी कळल्याचा आवही आणला नाही. एवढंच म्हणाल्या, "मग या वेळी घे. तीन आठवडे आहेत."

पहिला आठवडा कोऱ्या पानापुढे गेला. कागद पांढरा, पेन भरलेलं, आणि किती भरायचं हे सांगणारं कुणी नाही. दुसऱ्या आठवड्यात ती बसमधून उतरून दुकानात शिरताना अडखळली, ती एका मोटारीला. पडवीत, पत्र्याच्या छपराखाली, लाकडाच्या वखारीतली करवतीची मोटार महिनाभर पडून होती. दुसऱ्या कुणी कारागिराने ती उघडली होती, तार ओरबाडून टाकून दिली होती आणि मग हात वर केले होते. वखार एकटीने चालवणाऱ्या बाईंनी ती मिस्त्रींकडे आणली, मिस्त्रींनी नाही म्हटलं, आणि परत न्यायला गाडी मिळेना म्हणून ती तिथेच राहिली. आत्याने तिला चिठ्ठी मात्र बांधली होती: वखारवाल्या बाईंची, करवतीची, पोट रिकामं.

थोरलीने पिशवी ओट्यावर ठेवली आणि वडिलांना म्हणाली, की ही मी भरते.

मिस्त्रींनी हातातला पान्हा खाली ठेवला. आपल्याकडे अशी मोटार घेत नाहीत, हे त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. जे सगळ्यांना माहीत असे ते ते सांगत नसत.

"जळाली तर?"

"मी उपटीन. पुन्हा भरीन."

"हे कॉलेजचं काही आहे का?"

"आहे थोडं. जागा जाईल माझी."

"करवतीच्या मोटारीवरून कॉलेजातली जागा जाते?" आत्याने टेबलावरून विचारलं. "बरं कॉलेज आहे. दादा, मलाही घाल."

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी पान्हा पुन्हा उचलला. एवढंच म्हणाले, की तार जपून वापर. घरात याला होकार म्हणत.

मग थोरलीने आयुष्यात कधी न केलेलं काम केलं. ती मोजायला बसण्याआधी विचारायला गेली. वखारीत जाऊन तिने बाईंना विचारलं, करवत दिवसातून किती चालते. लाकूड कसलं येतं. ओलं असतं का. गाठ आली की मोटार कशी ओरडते, आधी ओरडते की आधी दमते. बाई अगोदर चक्रावल्या. मिस्त्रींनी त्यांना कधी एक प्रश्न विचारला नव्हता. मग सांगायला लागल्या आणि थांबेनात. चांगल्या दिवसांत करवतीचा आवाज कसा सरळ रेषेसारखा असे, हे त्यांनी हाताने हवेत ओढून दाखवलं.

परत येऊन तिने लोखंडाची लांबी मापली, पोकळी मापली, खाचा किती आणि केवढ्या ते पाहिलं. एवढं लोखंड, एवढं काम, तर अंदाजे एवढे वेढे. अंदाजे हा शब्द त्या दुकानात पहिल्यांदाच उच्चारला गेला असेल. दोन दिवस तिने भरली. तिसऱ्या दिवशी वॉर्निश न लावताच जोडून पाहिली. मोटार फिरली, पण घुमू लागली, तारेतून वीज हवी त्याहून जास्त खेचू लागली, आणि पाच मिनिटांत अंग तापलं. वेढे कमी पडले होते. थोरलीने बटण बंद केलं आणि सगळी तार उपटली.

मिस्त्री लांबून बघत होते. जवळ येऊन त्यांनी उपटलेल्या तारेचा एक तुकडा उचलला, बोटांत फिरवला आणि म्हणाले, "वॉर्निशशिवाय कच्चं भरलंस ते बरं केलंस." आणि पुन्हा आपल्या कामाला गेले. थोरलीच्या हातांना त्यानंतर दमायचं सुचलंच नाही.

दुसऱ्या वेळी तिने वेढे वाढवले. तार जागेत मावेना, म्हणून थोडी बारीक घेतली. वॉर्निश लावून वाळायला एक दिवस. मग जोडली. या वेळी मोटार घुमली नाही. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटारीच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टर ऐकतो तसे ते मोटारी ऐकत. बराच वेळ ऐकलं. आत्यासुद्धा गप्प राहिली, आणि आत्या गप्प राहिली म्हणजे रस्त्यावरच्या लोकांनाही चुकल्यासारखं होई. मग मिस्त्रींनी मूठ थोरलीच्या कानाला लावली. आतून एक सरळ, लांब रेष येत होती.

निबंधाला आता चार दिवस उरले होते. रविवारी थोरलीने ओट्यावरचं काम आटोपलं आणि नुसती आत्याकडे बघत बसली. आत्या चिठ्ठी बांधताना तार दातांत धरते. गिऱ्हाईक खोटं बोललं की ती डोळे मिटून मान हलवते, पटल्यासारखी. मोठ्याने हसण्याआधी ती टेबलाचा कोपरा पकडते. इतकी वर्षं हे सगळं समोर होतं.

"काय गं, माझी चिठ्ठी बांधतेस का?" आत्याने विचारलं.

"हो," थोरली म्हणाली.

तिने लिहिलं. रिकामी मोटार, वडिलांचा नकार, वखारवाल्या बाईंचा हवेत ओढलेला हात, पहिल्यांदा तापलेलं लोखंड, आणि या सगळ्यावर दारातून येणारं आत्याचं बोलणं. वाक्य संपलं की ती थांबे. मग हळूच वाचे, कान देऊन. घुमणारं वाक्य ती उपटून टाकी. पहिला खर्डा सगळाच घुमला. दुसऱ्यात मधला भाग चालला. तिसऱ्यात तिला शेवटी कळेना, की आपण लिहितोय की कुणाला तरी बसवून सांगतोय. एक वाक्य दोनच शब्दांचं झालं. आधी तिला चोरी केल्यासारखं वाटलं, मग तिने ते तसंच ठेवलं.

द्यायच्या आदल्या संध्याकाळी तिने तो घरी वाचला. घरात इंग्रजी कुणाला येत नव्हतं, म्हणून ती एकेक वाक्य वाचे आणि लगेच आपल्या भाषेत सांगे. आईने हातातलं शिवण खाली ठेवलं. अर्ध्यावर आत्याने हरकत घेतली. मी असं कधी बोलले, म्हणाली. बोललीस, मिस्त्री म्हणाले. मी तार दातांत धरत नाही, आत्या म्हणाली. धरतेस, आई म्हणाली. आत्याने मग सगळ्यांना गप्प बसवलं, कारण पुढे काय होतं ते तिला ऐकायचं होतं, जणू ती तिथे नव्हतीच. मोटार तापली तिथे ती स्वतःशीच पुटपुटली, आता गं. मोटार चालली तेव्हा तिने टेबलाचा कोपरा शोधला. टेबल दुकानात होतं, म्हणून तिने मिस्त्रींचा दंड पकडला.

मिस्त्रींना एकच विचारायचं होतं. "मी डोळे मिटले ते लिहिलंस?"

"लिहिलं."

"बरं," ते म्हणाले, आणि पाणी प्यायला उठले. बराच वेळ पाणी प्यायले.

निबंध आठवड्याने परत मिळाले. थोरलीने आपला उलटा केला. खाली काहीच नव्हतं. उतरला नाही, पडला नाही, शेराच नाही. मग तिने पानं उलटली आणि समासात पेन्सिल दिसली. पहिल्या पानावर: तुझी आत्या हसते तेव्हा आवाज कसा येतो? तिसऱ्यावर: वखारीतल्या बाई एकट्या कशा पडल्या? शेवटच्यावर: आणि तुझे वडील, त्यांना पुढची रिकामी मोटार आली तर?

ती तशीच मॅडमच्या खोलीशी गेली. दाराशी उभं राहून विचारलं, मॅडम, माझी जागा?

मॅडमनी मान वर केली नाही, त्या दुसऱ्या कुणाच्या तरी निबंधात होत्या. "यादी खाली ऑफिसबाहेर लावलीय. तू आहेस त्यात. उतरलाच तो, शेरा लिहायचा राहिला."

"आणि हे प्रश्न? यांत काय चुकलंय?"

आता त्यांनी मान वर केली. "काहीच चुकलं नाही. मला जाणून घ्यायचंय म्हणून विचारलं."

थोरली जिना उतरली. यादी पाहायची म्हणून निघाली होती, पण ऑफिसपर्यंत पोचली नाही. मधल्या मजल्यावर खिडकीखाली एक लाकडी बाक होतं, तिथे बसली. दुकानाची ती खोली कधी न पाहिलेलं एक माणूस तिथे पुढे काय झालं हे विचारत होतं. तिने वही मांडीवर घेतली. आत्या हसते तेव्हा, तिने लिहिलं, आणि थांबली, आणि कान दिला. खाली रस्त्यावर तिची बस आली, दोनदा भोंगा वाजवून गेली. पुढची तासाने होती. तिला एवढंच वाटलं, की वखारीतल्या बाईंचं लिहायला एक तास पुरायचा नाही.